महाविद्यालयाचे आंतरराष्ट्रीयीकरण : पुण्यापासून मुरबाड-शहापूरपर्यंत

उच्च शिक्षणाचे आंतरराष्ट्रीयीकरण म्हणजे परदेशी विद्यापीठाच्या पाहुण्यांना शाल-श्रीफळ देऊन सामंजस्य करारावर सही करणे, अशी एक समजूत महाविद्यालयांत रूढ झालेली दिसते. शिक्षणशास्त्रात या संज्ञेला अधिक व्यापक अर्थ आहे. कॅनडातील अभ्यासक जेन नाइट यांनी २००३ मध्ये केलेली आणि आज सर्वाधिक मान्य असलेली मांडणी अशी, की उच्च शिक्षणाचा हेतू, त्याची कामे आणि ते देण्याची पद्धत या तिन्हींत आंतरराष्ट्रीय, आंतरसांस्कृतिक किंवा जागतिक परिमाण मिसळून टाकण्याची जी सलग प्रक्रिया, ती म्हणजे आंतरराष्ट्रीयीकरण. या मांडणीत विमानप्रवासाचा उल्लेखही नाही. विद्यार्थी परदेशी जाणे किंवा परदेशी विद्यार्थी इकडे येणे हा या प्रक्रियेचा एक भाग आहे. अभ्यासक्रम, अध्यापन, संशोधन, वसतिगृह, ग्रंथालय आणि परीक्षा विभाग या सर्वांना तिचा स्पर्श होणे अपेक्षित असते.

म्हणूनच या कामाचे नेतृत्व करणे याचा अर्थही तपासून पाहावा लागतो. जी जोखीम, जो खर्च आणि जे धाडस पूर्वी एकट्या विद्यार्थ्याच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या शिरावर असे, ते संस्थेच्या नित्याच्या कारभारात सामावून घेणे, हे या नेतृत्वाचे खरे काम होय. महाराष्ट्राचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने वाचला, तर ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील म्हसा किंवा शहापूर तालुक्यातील किन्हवली यांसारख्या गावांतून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी काय करता येईल, याचेही उत्तर त्यातून मिळू शकते.

एकट्याचे धाडस आणि संस्थेची जबाबदारी

मुरबाडहून निघालेली एसटी ज्या कल्याणला पोहोचते, त्याच कल्याणमध्ये १८६५ साली आनंदीबाई जोशी यांचा जन्म झाला. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियातून वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्यांच्या पाठीशी इकडे कोणतेही महाविद्यालय नव्हते, की शिष्यवृत्तीची कोणतीही योजना नव्हती. पती गोपाळरावांचा आग्रह, न्यू जर्सीतील कार्पेंटर कुटुंबाने दिलेला आसरा आणि स्वतःची जिद्द एवढ्या बळावर तो प्रवास झाला. थंडी, आहार आणि आजारपण यांची झळ त्यांना एकटीलाच सोसावी लागली आणि मायदेशी परतल्यावर थोड्याच काळात, १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. त्यांच्या धैर्याचा गौरव करताना हेही लक्षात ठेवावे लागते, की व्यक्तीच्या धैर्यावर उभी असलेली व्यवस्था फार थोड्यांना पैलतीरी नेते.

त्यानंतरची तीन उदाहरणे संस्थेने पुढाकार घेतल्याची आहेत आणि तिन्हींची रीत वेगवेगळी आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका आली. तिच्या वाचनातून त्यांचा विचार पक्का होत गेला आणि १९१६ मध्ये त्यांनी पुण्यात भारतातील पहिले महिला विद्यापीठ स्थापन केले. पुढे सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीही जपानमध्ये असे विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले आणि त्यांच्या १५ लाख रुपयांच्या देणगीमुळे त्यांच्या मातोश्रींचे नाव या विद्यापीठाला मिळाले. तेच आजचे एसएनडीटी महिला विद्यापीठ. यातील लक्षणीय बाब अशी, की कल्पना जपानमधून आली असली तरी शिक्षणाचे माध्यम म्हणून कर्वे यांनी मातृभाषा स्वीकारली. परदेशातील संस्थेकडून शिकणे आणि परदेशातील भाषेत शिकवणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे त्यांनी प्रत्यक्ष कृतीने दाखवले आणि आजच्या चर्चेत हाच फरक वारंवार विसरला जातो.

दुसरे उदाहरण पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे आयआयटी मुंबईचे. १९५८ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेला युनेस्कोच्या मार्फत सोव्हिएत संघाची मदत मिळाली. यंत्रसामग्री आली, तज्ज्ञ आले आणि येथील अध्यापकांना तिकडे जाऊन प्रशिक्षण घेता आले. हे आंतरराष्ट्रीयीकरण सरकारांच्या पातळीवरचे होते, पण त्याचा हेतू स्पष्ट होता : मदत संपल्यावर संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी. अर्ध्या शतकानंतर, २००८ मध्ये, याच संस्थेने ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाबरोबर संयुक्त संशोधन अकादमी स्थापन केली, तेव्हा नाते मदत घेणाऱ्याचे राहिले नव्हते. दोन्ही संस्थांचे मार्गदर्शक मिळून एकाच संशोधकाला पीएच.डी.साठी मार्गदर्शन करतील, अशी बरोबरीची रचना त्यात होती.

सिम्बायोसिसचा धडा

तिसरे आणि या विषयात सर्वाधिक उपयोगी पडणारे उदाहरण पुण्याच्या सिम्बायोसिसचे आहे. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. शां. ब. मुजुमदार हे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत होते आणि तेथील वसतिगृहाची जबाबदारी सांभाळत होते. मॉरिशसहून आलेला एक विद्यार्थी काविळीने आजारी पडला असता त्याची जी आबाळ झाली, ती पाहून परक्या देशातून आलेल्या मुलांच्या एकाकीपणाकडे त्यांचे लक्ष वेधले गेले. त्या काळात आफ्रिका आणि आशियातील अनेक देशांचे विद्यार्थी पुण्यात शिकत होते. त्यांना प्रवेश मिळत होता, परंतु शहरात आपले म्हणावे असे घर मिळत नव्हते. स्थानिक आणि परदेशी विद्यार्थ्यांना एकत्र आणण्यासाठी मुजुमदारांनी २६ जानेवारी १९७१ रोजी सिम्बायोसिस हे आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक केंद्र सुरू केले. वनस्पतिशास्त्रातील सहजीवनाची संज्ञाच संस्थेच्या नावासाठी निवडली गेली आणि ‘वसुधैव कुटुंबकम्’ हे तिचे ब्रीदवाक्य ठरले.

पुढचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्वागत आणि सोबत, मग १९७७ मध्ये विधी महाविद्यालय, १९७८ मध्ये व्यवस्थापन संस्था, २००२ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा आणि २०२४ मध्ये दुबईतील शैक्षणिक संकुल, असा हा प्रवास झाला. अभिमत विद्यापीठ म्हणजे ज्या संस्थेला केंद्र सरकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, सल्ल्याने विद्यापीठासारखा दर्जा देते अशी संस्था. सिम्बायोसिसमध्ये परदेशी विद्यार्थी हा नंतर जोडलेला विभाग नव्हता. त्याच्यासाठीच संस्था जन्मली आणि अभ्यासक्रम मागाहून आले. बहुतेक महाविद्यालयांत नेमका उलटा प्रकार घडतो : करार आधी होतो, पाहुण्यांची छायाचित्रे वार्षिक अंकात छापली जातात आणि येणाऱ्या विद्यार्थ्याची राहण्या-जेवण्याची सोय कोण पाहणार, हा प्रश्न विद्यार्थी दारात उभा राहिल्यावर विचारला जातो. दुसऱ्या बाजूने हेही नमूद करावे लागते, की सिम्बायोसिसचा नमुना मोठ्या शहरातील, स्वतःचे शुल्क ठरवू शकणाऱ्या खासगी संस्थेचा आहे. तो जसाच्या तसा उचलून मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ग्रामीण महाविद्यालयात लावता येणार नाही. घेण्यासारखी गोष्ट आहे ती त्याचा क्रम.

धोरणाने उघडलेली दारे

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आंतरराष्ट्रीयीकरणाला प्रथमच सविस्तर स्थान दिले. त्यानंतर जुलै २०२१ मध्ये यूजीसीने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून विद्यापीठांत आंतरराष्ट्रीय व्यवहार कार्यालय आणि परदेशातील माजी विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवणारा कक्ष असावा, असे सुचवले. २०२२ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर प्रवेशक्षमतेच्या २५ टक्क्यांपर्यंत अतिरिक्त जागा निर्माण करण्याची मुभा मिळाली. या जागा वाढीव असल्यामुळे स्थानिक विद्यार्थ्यांच्या जागा त्यामुळे कमी होत नाहीत.

त्याच वर्षी मे महिन्यात परदेशी संस्थांशी सहकार्याचे नवे विनियम आले आणि पदवीचे तीन प्रकार निश्चित झाले. त्यांचा पाया श्रेयांक हा आहे. विद्यार्थ्याने पूर्ण केलेल्या अध्ययनाचे मोजमाप करणाऱ्या एककाला श्रेयांक म्हणतात. जुळ्या कार्यक्रमात विद्यार्थी काही श्रेयांक परदेशी संस्थेत मिळवतो, पण त्यांचे प्रमाण एकूण श्रेयांकांच्या ३० टक्क्यांपेक्षा अधिक असत नाही आणि पदवी भारतीय संस्थाच देते. संयुक्त पदवीत अभ्यासक्रम दोघांनी मिळून आखलेला असतो, प्रत्येक संस्थेत किमान ३० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात आणि दोन्ही संस्थांच्या नावाने एकच प्रमाणपत्र मिळते. दुहेरी पदवीत दोन्ही संस्था आपापली स्वतंत्र पदवी देतात, मात्र भारतीय संस्थेतील श्रेयांक ३० टक्क्यांपेक्षा कमी चालत नाहीत. नोव्हेंबर २०२३ च्या विनियमांनी पुढचे पाऊल टाकून जागतिक क्रमवारीतील पहिल्या ५०० संस्थांना भारतात स्वतःचे संकुल उभारण्याचा मार्ग मोकळा केला. त्यानुसार जून २०२५ मध्ये मुंबईत ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीतील आयईडी या पाच संस्थांना इरादापत्रे देण्यात आली. नवी मुंबई विमानतळाच्या परिसरातील शिक्षणनगरीत, म्हणजे ‘एज्युसिटी’त, परदेशी विद्यापीठे यावीत, अशी योजना आहे.

ही दारे सर्वांना सारखी उघडी नाहीत. आपोआप परवानगीने परदेशी संस्थेशी पदवीचे सहकार्य करण्यासाठी ‘नॅक’ या मूल्यांकन संस्थेकडून किमान ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभर विद्यापीठांत स्थान यांसारखी अट आहे. शिवाय संलग्न महाविद्यालयाला स्वतःची पदवी देता येत नाही, त्यामुळे जुळी, संयुक्त किंवा दुहेरी पदवी हा विषय त्याच्या अखत्यारीबाहेरचा राहतो. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी शिकत होते आणि त्यांतील २८ टक्के एकट्या नेपाळचे होते. याउलट शिक्षणासाठी देशाबाहेर जाणाऱ्या भारतीयांची संख्या २०२३ मध्ये आठ लाखांच्या पुढे गेली. या असमतोलात ग्रामीण महाविद्यालयात परदेशी विद्यार्थी येतील, ही अपेक्षा बाळगणे व्यर्थ आहे. त्याने आपले काम वेगळ्या ठिकाणी शोधायला हवे.

घरबसल्या आंतरराष्ट्रीयीकरण

असे काम शोधताना स्वीडनमधील माल्मो विद्यापीठाचा अनुभव उपयोगी पडतो. युरोपात १९८७ पासून ‘इरॅस्मस’ योजनेखाली विद्यार्थी एका देशातून दुसऱ्या देशात शिकायला जाऊ लागले. पण सर्व प्रोत्साहनानंतरही बहुसंख्य विद्यार्थी आपल्याच गावात शिकत राहतात, हे माल्मोचे बेंग्ट निल्सन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ठासून मांडले आणि न जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही जगाची ओळख अभ्यासक्रमातूनच व्हावी, असा आग्रह धरला. या विचाराला ‘घरबसल्या आंतरराष्ट्रीयीकरण’ म्हणता येईल. न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये त्यासाठी एक साधन विकसित करणारे केंद्र उभारले : दोन देशांतील दोन अध्यापक आपापल्या विषयाचा काही आठवड्यांचा भाग एकत्र आखतात, दोन्ही वर्गांतील विद्यार्थी इंटरनेटवरून लहान गटांत एकच प्रकल्प करतात आणि प्रत्येक संस्था आपल्या विद्यार्थ्याचे मूल्यमापन आपल्या नियमांनी करते. यात पदवीचा करार लागत नाही आणि विमानाचे तिकीटही लागत नाही. म्हणून संलग्न महाविद्यालयाला ते सहज पेलते.

मुरबाड आणि शहापूर या तालुक्यांकडे अशा प्रकल्पासाठी विषयांची उणीव नाही. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात असूनही उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. आयआयटी मुंबईच्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राने, ‘सितारा’ने, या भागातील पिण्याच्या पाण्याचा अभ्यास केलेला आहे. महानगराचे पाणी आणि ते पुरवणाऱ्या मुलखाची तहान हा प्रश्न जगातील अनेक शहरांपुढे आहे आणि तेथील विद्यार्थ्यांबरोबर त्याचा तौलनिक अभ्यास होऊ शकतो. मुरबाड तालुक्याच्या सीमेवरील नाणेघाटात सातवाहन राणी नागनिका हिच्याशी निगडित ब्राह्मी शिलालेख आहे आणि कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा व्यापार याच घाटातून चालत असे. इतिहासाच्या वर्गाला रोमन व्यापाराचे दुसरे टोक अभ्यासणारा वर्ग भूमध्य समुद्राकाठी मिळू शकतो. म्हसा येथे पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते. तिच्यातील बैलबाजाराची उलाढाल वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी नोंदवली, तर युरोपातील किंवा आफ्रिकेतील पशुबाजारांशी तिची तुलना करता येईल. ठाकर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी समाजांचे वनस्पतिज्ञान हाही असाच विषय आहे, मात्र त्यात ज्ञान देणाऱ्या समाजाची संमती आणि श्रेय यांची लेखी तजवीज आधी करणे अत्यावश्यक ठरते, अन्यथा सहकार्याच्या नावाखाली नुसती उचलेगिरी होते.

येथे भागीदार निवडण्याचा व्यावहारिक निकष फार क्वचित बोलला जातो, तो घड्याळाचा. मुरबाडमध्ये सायंकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात सकाळचे आठ वाजलेले असतात. पण त्या वेळी पाड्यावर राहणारी मुलगी महाविद्यालयात थांबली, तर तिची शेवटची एसटी चुकते. याउलट दुपारी दोन वाजता जर्मनीत हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि सकाळी साडेअकराला जपानमध्ये दुपारचे तीन वाजलेले असतात. म्हणजे दिवसा चालणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयाला युरोप आणि पूर्व आशिया हे भागीदार अधिक सोयीचे आहेत. जागतिक क्रमवारी पाहून करार करणाऱ्या संस्थाचालकाला हे सुचणार नाही. विद्यार्थी कोणत्या बसने घरी जातात हे ठाऊक असलेल्या प्राचार्याला मात्र सुचेल.

नेतृत्व म्हणजे नेमके काय

अमेरिकेत विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कामासाठी स्वतंत्र वरिष्ठ अधिकारी नेमण्याची प्रथा आहे आणि अशा प्रशासकांची संघटना तेथे १९८२ पासून कार्यरत आहे. जॉन हुडझिक यांनी २०११ मध्ये ‘सर्वसमावेशक आंतरराष्ट्रीयीकरण’ ही कल्पना मांडून हे काम एका कार्यालयाकडे सोपवून मोकळे होता येत नाही, ते संपूर्ण संस्थेच्या वृत्तीत उतरावे लागते, असे प्रतिपादन केले. ग्रामीण महाविद्यालयात असा अधिकारी नेमणे शक्य नसते. तेथे एखाद्या अध्यापकावर समन्वयक म्हणून ही जबाबदारी येते आणि बहुधा ती राष्ट्रीय सेवा योजना, परीक्षा आणि नॅकचे काम सांभाळून पार पाडावी लागते. प्राचार्यांनी त्या अध्यापकाचा अध्यापनभार काही तासांनी कमी केला, तरच हे काम टिकते. अन्यथा समन्वयकाची बदली किंवा निवृत्ती होताच पत्रव्यवहार थांबतो आणि करार कपाटात पडून राहतो.

समन्वयकाचे सर्वांत मोलाचे काम माहितीचे आहे. केंद्र सरकारच्या आदिवासी विभागाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी २० आदिवासी विद्यार्थ्यांना मिळते आणि त्यांतील ३ जागा विशेष असुरक्षित आदिम जमातींसाठी राखीव आहेत. महाराष्ट्रात अशा जमाती तीनच आहेत : कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी; आणि कातकरी वस्ती मुरबाड-शहापूरच्या पाड्यापाड्यांत आहे. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी मिळते. या योजना आणि विद्यार्थी यांच्यामध्ये उभे असते ते पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठाची गुणनोंद, शिफारसपत्रे आणि अर्जाच्या तारखा यांचे जाळे. शहरी घरांत हे ज्ञान नातेवाइकांकडून मिळते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ते महाविद्यालयानेच द्यावे लागते. पदवीच्या पहिल्या वर्षी पासपोर्ट, दुसऱ्या वर्षी इंग्रजी लेखनाचा सराव आणि तिसऱ्या वर्षी अर्ज, असे साधे वेळापत्रक संस्थेने आखले आणि ते दरवर्षी न चुकता पाळले, तर एखाद्या हुशार मुलीच्या वाटेतील अर्धे अडथळे दूर होतात.

नेतृत्वाचे शेवटचे अंग मूल्यमापनाचे आहे. किती करार झाले हा आकडा सहज मिळतो आणि अहवालात शोभूनही दिसतो, पण त्यातून काहीच कळत नाही. किती अध्यापकांनी परदेशी सहकाऱ्यासह एखादा घटक प्रत्यक्ष शिकवला, किती विद्यार्थ्यांनी संयुक्त प्रकल्प पूर्ण केला, त्यांत मुली किती आणि आदिवासी किती, परदेशी शिष्यवृत्तीसाठी किती अर्ज गेले आणि नाकारलेल्या अर्जांची कारणे कोणती, हे प्रश्न अवघड आहेत, म्हणूनच ते विचारावे लागतात. मुंबई विद्यापीठाने आपल्या ग्रामीण संलग्न महाविद्यालयांसाठी मार्गदर्शक ठरेल असा एक सामाईक कक्ष चालवला, संयुक्त वर्गप्रकल्पाला श्रेयांक देण्याची स्पष्ट तरतूद केली आणि गुणनोंदीची प्रमाणपत्रे वेळेत दिली, तर प्रत्येक महाविद्यालयाला सारे काही नव्याने उभे करावे लागणार नाही.

नवी मुंबईत परदेशी विद्यापीठांची संकुले उभी राहतील आणि ज्यांना त्यांचे शुल्क परवडते त्यांना परदेश जवळ येईल. ज्यांना ते परवडणार नाही, त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीयीकरणाचे दार मुरबाड तालुक्यातील शिवळे, किन्हवली किंवा शहापूर येथील महाविद्यालयातच उघडावे लागेल आणि ते उघडण्यासाठी परदेशी पाहुण्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या शैक्षणिक वर्षात प्रत्येक ग्रामीण महाविद्यालयाने एक समन्वयक नेमावा, त्याला पुरेसा वेळ द्यावा, एका विषयाचा एक संयुक्त प्रकल्प सुरू करावा आणि शिष्यवृत्तीचे वेळापत्रक सूचना फलकावर मराठीत लावावे. आणि पालकांनी, माजी विद्यार्थ्यांनी व संस्थाचालकांनी ते खरोखर लागले आहे की नाही, याची चौकशी करत राहावी.